पुलीजवळ कोण उभं राह्यते?

“बाई, मी पुली घ्याले आलो, सोयरीक जुळवाले नाई,” काउंटरपलीकडचा माणूस पुटपुटला.

मी मागच्या मांडणीवर पट्टे टांगत होते. मला हसू आलं आणि मी ते पट्ट्यांच्या आड लपवलं. मोठी आईच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. तिने पुढचा प्रश्न विचारला, “मशीनपाशी उभं कोण राह्यते?”

“बायको राह्यते.”

“पट्ट्याच्या कोणत्या अंगाले?”

“आता ते मी काय पाहून ठेवलं, बाई?”

“मंग घरी जाय. पाहून ये. मंग पुली देतो.”

आणि तो माणूस खरोखरच गेला. दुसऱ्या दिवशी परत आला, बायको डाव्या अंगाला उभी राहते असं सांगितलं आणि पुली घेऊन गेला. मूल गावच्या बाजारात दुसरीकडे पुली मिळत नव्हती असं नाही. पण मोठी आईने नाकारलेली पुली दुसरीकडून आणली, तर ती मशीनवर चढवताना लोकांचे हात कचरत.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. राइस मिलच्या रस्त्यावर, पत्र्याच्या छपराखाली तिचं दुकान होतं. इंजिनच्या, मोटरच्या, थ्रेशरच्या, पिठाच्या चक्कीच्या पुल्या, त्यांचे पट्टे आणि बेअरिंग. लोक तिला ‘पुलीवाली बाई’ म्हणत. अंगाने थोराड, आवाज खणखणीत, कपाळ मोकळं, आणि पदर कमरेला असा खोचलेला की आता कुठे तरी भांडायला निघाली आहे असं वाटावं. बहुतेक वेळा ते खरंही असे.

कॉलेज संपलं, नोकरी लागेना, तेव्हा बाबांनी मला चंद्रपूरहून तिच्याकडे धानाच्या हंगामापुरतं पाठवलं. माझं सगळं शिक्षण इंग्रजी शाळेतलं. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की मी आधी वाक्य इंग्रजीत जुळवायची, मग मराठीत करायची, आणि तोवर बोलणं पुढे निघून गेलेलं असायचं. मग मी गप्प बसायची. गप्प बसणाऱ्या माणसाला फार काही दिसतं, एवढाच त्याचा फायदा. मोठी आईने पहिल्याच दिवशी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “मॅडम, इथी बोलाचं काम नाई. वाचाचं काम आहे. पण जे सांगशील ते मोठ्यानं सांग.”

वाचायचं काम म्हणजे मोटरवरची पाटी. लोक फोनवर पाटीचे फोटो काढून आणत. तेलाने माखलेल्या त्या पत्र्यावरचे बारीक इंग्रजी आकडे शोधायचे आणि मोटर मिनिटाला किती फेरे घेते ते सांगायचं. त्याशिवाय मोठी आई पुली काढायचीच नाही. काही जण जुन्या पुलीभोवती दोरा गुंडाळून त्याचं माप घेऊन येत. तो दोरा ती दोन बोटांत धरून मेलेल्या उंदरासारखा परत देत असे. “दोरा ताणला का मोठा, सोडला का लहान. मले पुली आणून दाखव. फुटली असन तं तुकडे आण. दांडा किती जाड, त्यात पुली अडकवाची चावी कोणती, सगळं पाहू दे.”

हिशेब तिने मला एका वाक्यात शिकवला होता. “इंजिनची पुली मोठी केली का मशीन पयते, मशीनची मोठी केली का मशीन चालते. आपल्याले चालाले लावाचं आहे, पयाले नाई.”

पळणाऱ्या मशीनची तिला भीती वाटे. हे मला सुरुवातीला कळलं नव्हतं. एवढा आवाज असलेलं माणूस घाबरट असेल असं कुणाच्या मनात येणार? पण ती घाबरे, मनापासून घाबरे, आणि समोरच्यालाही घाबरवल्याशिवाय सोडत नसे. “पुली बिडाची असते,” ती गिऱ्हाइकाला सांगायची. “लोखंड वाकते, तुले सांगून वाकते. बीड सांगत नाई. फुटते तेव्हा तुकडा पयले येते, आवाज मंग येते. आवाज ऐकला तं समजाचं, आपण वाचलो.”

हे ती कुठून शिकली, ते मोठेबाबांना पाहिलं की कळे. मोठेबाबा तरुणपणी आरागिरणीवर होते. एका दुपारी तिथली पुली फुटली. तुकडा त्यांच्या कानाजवळून गेला आणि मागच्या सागाच्या ओंडक्यात रुतून बसला. त्यांना खरचटलंही नाही. ते घरी आले, जेवले, आणि पुन्हा कधीही चालत्या पट्ट्याजवळ गेले नाहीत. दुकान त्यांनीच टाकलं होतं. ते त्यांनी बायकोच्या स्वाधीन केलं आणि आतल्या खोलीत पेपर वाचत बसले. मोठी आई म्हणे, “यायचा जीव वाचला अन् काम माह्यावर आलं. पुली फुटली तिकडं, लागली मले.” मोठेबाबा पेपरच्या आडून हसत. पण रस्त्यावर एखाद्या ट्रकचं टायर फुटलं की त्यांचा पेपर थरथरत राही, आणि मोठी आई काही न बोलता आत जाऊन त्यांच्याजवळ पाण्याचा गिलास ठेवून येई.

तिच्या पिशवीत कायम खडू असे. नवी पुली दिली की ती जमेल तेव्हा स्वतः एसटीने, नाही तर कुणाच्या गाडीवर मागे बसून ती बसवलेली पाहायला जाई. मशीन बंद करायला लावायची, पुलीच्या नाकासमोरून जमिनीवर खडूची रेघ ओढायची, ती भिंतीपर्यंत न्यायची आणि भिंतीवरही चढवायची. “या रेघेवर माणूस नाई, लेकरू नाई, बकरी नाई.” एकदा एका राइस मिलमध्ये मी तिच्यासोबत होते. रेघ सरळ मालकाच्या खुर्चीखालून गेली आणि मागच्या भिंतीवरच्या त्यांच्या हार घातलेल्या वडिलांच्या फोटोपर्यंत पोचली. मालक ओशाळून म्हणाले, “बाई, खुर्ची तं हलवतो. बाबूजीचं काय?”

“त्यायले राहू दे,” मोठी आई म्हणाली. “त्यायचं जे व्हाचं ते झालं.”

हमाल पोट धरून हसले. मालकही हसले. मी हसले नाही. मला त्या रेघेवर उभं राहिल्यावर काय होईल तेच दिसत होतं. तिची भीती मला लागली होती. चक्कीच्या पट्ट्याची पट्‌पट् ऐकली की माझी मान आपोआप आखडायची. आज मी चंद्रपूरला नोकरी करते, तरी दळण घेऊन गेले की आधी पट्टा कुठे आहे ते पाहते आणि मगच डबा खाली ठेवते.

त्या हंगामात आणखी एक भीती सगळ्यांच्याच अंगात होती. जंगलाकडच्या शिवारात वाघ फिरत होता. दिवस कलायला लागला की लोक खळ्यावरून उठत. थ्रेशर अर्धवट सोडून, धानाचे भारे तसेच टाकून घर गाठत. काम उरायचं, मळणीवाल्याची पाळी पुढे सरकायची, आकाश भरून आलं की जीव टांगणीला लागायचा. मग ते मोठी आईकडे येत आणि आवाज खाली करून, जणू दारू मागत आहेत अशा आवाजात मागत, “बाई, थ्रेशरले एक नंबर लहान पुली द्या ना. मळणीचा ढोल जोरात फिरते. दिवस बुडाच्या आत होऊन जाते.”

“वाघ एकाले नेते,” मोठी आई म्हणायची. “पुली दिसन त्याले नेते.” आणि जुन्या मापाचीच पुली काढायची.

ती काढली की दुकानात एक विधी होई. छपराच्या कडीला दोर बांधलेला होता. पुली त्या दोरावर टांगायची, हेलकावा थांबू द्यायचा, आणि लाकडी दांड्याच्या छोट्या हातोडीने कडेला हलकेच ठोकायचं. चांगल्या बिडाचा आवाज टण्ण निघतो आणि हवेत रेंगाळतो. आत कुठे केसाएवढा तडा असला तर आवाज बद्द येतो, मडकं फुटलेलं असावं तसा, आणि तिथल्या तिथे मरतो. नवी असो की जुनी, ठोकल्याशिवाय पुली दुकानाबाहेर जात नसे. बद्द वाजलेली पुली ती गिऱ्हाइकादेखत बाजूला फेकते, असं लोक सांगत. लोक तिच्या मापापेक्षाही या कानावर विश्वास ठेवत. “पुलीवाली बाईनं ठोकून दिली,” असं म्हटलं की गावात पुढे कुणी काही विचारत नसे.

मी रोज पाहत होते. पाहता पाहता एक गोष्ट खुपायला लागली. ठोकून झाल्यावर मोठी आई पुलीकडे पाहत नसे. ती गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाही.

आधी वाटलं, रुबाब दाखवते आहे. मग दुसऱ्या गोष्टी दिसू लागल्या. ती फोन कानाला लावत नसे, मोठेबाबांना दे म्हणे. मागून सायकलची घंटी वाजली तर सरकत नसे. पुटपुटत काढलेल्या टोमण्यावर कधी उलट टोला देत नसे, समोरून काढलेल्यावर मात्र लगेच देई. मला ‘मोठ्यानं सांग’ म्हणायची ते माझी भीड मोडावी म्हणून, असंच घरात सगळे समजत होते. मीही.

एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं. तिने नव्याने आलेली एक पुली टांगली आणि ठोकली. आवाज स्वच्छ होता. मग सवयीने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी मुद्दाम चेहरा पाडला. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, पुली उतरवली आणि बाजूला ठेवली. “बद्द आहे,” ती म्हणाली.

तिला ऐकू येत नव्हतं. ती आवाज लोकांच्या चेहऱ्यावर वाचत होती. आणि लोक तर तिच्यावर विश्वास ठेवून उभे असत. ते आवाज ऐकतच नसत, तिलाच पाहत असत. त्यांचे चेहरे नेहमी निश्चिंत. म्हणजे प्रत्येक पुली चांगली.

मी आत गेले आणि मोठेबाबांच्या पेपरसमोर उभी राहिले. बोलायला वाक्य जुळवत होते, तेवढ्यात त्यांनीच पेपर खाली केला.

“माहीत आहे मले,” ते हळू म्हणाले. “बऱ्याच दिवसापासून आहे.”

“मोठेबाबा, पण पुली…”

“नवा माल चांगलाच येते, पोरी. जुना माल मी अधीमधी पाहून घेतो.” त्यांनी दुकानाच्या दाराकडे पाहिलं. “तिले सांगू नोको. ते दुकानात बसते म्हणून उभी आहे. कान गेले असं बाजारात समजलं तं लोक येतीन, पण हसाले येतीन.”

पेपर पुन्हा वर गेला. पट्ट्याजवळ जायला घाबरणारा माणूस लपूनछपून पुल्या ठोकतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांच्या भीतीला माझी भीती ओळखीची वाटली असावी. आम्ही दोघेही त्यानंतर एकमेकांकडे पाहत नव्हतो. मोठी आईला सांगायला मी मनात वाक्यं जुळवत असे. इंग्रजीत ती फार सोपी होती. मराठीत आली की त्यांत मोठी आई दिसे, कमरेला पदर खोचून, भर बाजारात उभी.

पुढे काय झालं ते सांगण्याआधी एक सांगून टाकते, नाही तर हात धजत नाही. मोठी आई आता नाही. पण जाईपर्यंत ती मला ‘मॅडम’च म्हणत राहिली, आणि माझ्या ताटात भाजी वाढताना तिचा हात कधी आखडला नाही.

त्या दिवशी उमाजीभाऊ आले होते. जंगलाला लागून त्यांचं गाव, स्वतःचा थ्रेशर, आजूबाजूच्या खळ्यांवर तो चालवायचे. ढोलाच्या दांड्यावरची पुली चावीजवळ फुटली होती आणि तुकडे पोत्यात भरून आणले होते. सोबत त्यांची बायको सुमनबाई होत्या. त्या काउंटरला टेकून माझ्याशी बोलत होत्या, म्हणजे बोलत त्याच होत्या.

“तू मॅडम का? चांगलं आहे बाप्पा, पंख्याखाली बसणं. आमच्या घरी हे इंजिन पाहते अन् मी भारे टाकतो. दिवसभर त्या ढोलाच्या तोंडाशी. संध्याकाळी माह्या नाकातून पेंढा निंगते.” आणि त्या मोकळ्या हसल्या. त्यांच्या केसांत खरंच धानाची कुसळं होती.

“लहान द्या, बाई,” उमाजीभाऊ म्हणत होते. “परवा वाघ धानाच्या बांधीपर्यंत आला. चार वाजता बंद करा लागते.”

“नाई देत. होती तेवढीच भेटन.” मोठी आईने तुकडे जुळवून माप घेतलं. त्या मापाची नवी पुली नव्हती, नागपूरहून माल यायचा होता. तिने मागच्या ढिगातून एक जुनी ओढून काढली. तो ढीग कालच आला होता. मी आतल्या दाराकडे पाहिलं. मोठेबाबा सकाळीच तपासणीसाठी गडचिरोलीच्या दवाखान्यात गेले होते.

पुली दोरावर चढली. हेलकावा थांबला. मोठी आईने ठोकलं.

बद्द.

कदाचित दोर कडेला लागला असेल. तिने पुन्हा ठोकलं. आवाज निघाला आणि जागीच पडला. मोठी आईने उमाजीभाऊंच्या तोंडाकडे पाहिलं. ते तिच्याकडे पाहत होते, देवळात पाहावं तसे.

“कशी बोलते, पाहा,” ती म्हणाली. “घेऊन जा.”

मी तिच्या जवळ जाऊन म्हणाले, “मोठी आई, ती पुली…”

“हो, चावी दिली त्यायले,” ती म्हणाली आणि पोत्याचं तोंड बांधू लागली.

मी तिच्या दंडाला हात लावला. “तडा आहे.”

“चहा? मांड ना. पण हे काई थांबत नाई, यायले पोहचाचं आहे.”

उमाजीभाऊंनी बाहेर गाडीला किक मारली. सुमनबाई मागे बसल्या, पुलीचं पोतं मांडीवर घेतलं, आणि लेकरू सांभाळावं तसे दोन्ही हात त्याभोवती गुंडाळले. उद्या सकाळी ती पुली फिरणार होती आणि या बाई तिच्यापासून हाताच्या अंतरावर भारे टाकत उभ्या राहणार होत्या. मला त्यांच्या केसांतली कुसळं दिसत होती.

मी धावले. काय बोलायचं ते जुळलंच नाही, म्हणून नुसता पोत्यावर हात ठेवला आणि घट्ट धरून राहिले.

“काय झालं, मॅडम?” उमाजीभाऊंनी गाडी बंद केली. समोरचा पट्टे विकणारा दुकानदार बाहेर आला. भाजीवाल्या बाया माना वळवून पाहू लागल्या. राइस मिलकडे निघालेला हमाल पोतं पाठीवर तसंच ठेवून थांबला. मनात आलं, ‘माप चुकलं’ म्हणावं, पोतं परत घ्यावं, झाकून टाकावं. आजचं निभलं असतं. पण मागे अख्खा ढीग पडला होता आणि उद्या दुसरी कुणीतरी बाई पोतं मांडीवर घेऊन बसली असती.

मोठी आई दुकानाच्या पायऱ्या उतरून आली. चेहरा लाल झालेला. “काऊन अडवलं त्यायले? मी ठोकून दिली ना!”

“मोठी आई,” मी म्हणाले. आवाज माझ्याच गळ्यात राहिला.

ती माझ्या ओठांकडे पाहत होती. आता मला दिसलं, तीही घाबरलेली होती. डोळे मोठे झालेले, मान थोडी पुढे, जणू अंधारात चाचपडते आहे. मला तिचा हात धरून आत न्यायचं होतं आणि कानाशी लागून हळूच सांगायचं होतं. पण हळूच सांगितलेलं तिच्यापर्यंत पोचणार नव्हतं. जे सांगायचं होतं ते तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगायचं, तर ते सगळ्या बाजाराला ऐकू जाणार होतं.

“काय म्हणते?” ती म्हणाली. “बोल ना!”

मी डोळे मिटले नाहीत. तिच्याकडे पाहत, होता नव्हता तेवढा जीव एकवटून ओरडले, “पुली फुटकी आहे, मोठी आई! तुले ऐकू येऊन नाई राह्यलं!”